रांगेबाहेरचा दगड

ता. ४ मे

बारकू,

ताईचे आशीर्वाद. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट फेकून देऊ नकोस, आधी वाच. फोन केला की तू माझा आवाज ऐकून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नकोस. मी बरी आहे. गुडघा सोडला तर सगळं जागेवर आहे. तुम्ही चौघंही बरे असाल असं धरून चालते.

मुद्द्याचं सांगते. तुझ्या वरच्या घरावर पत्रे चढले. गवंडी म्हणाला, तू बायकोमुलांना घेऊन दहा जूनला कायमचा राहायला येतोयस. कारखाना बंद पडला आणि भाड्याची खोली सोडावी लागतेय, हेही त्याच्याकडूनच कळलं. सख्ख्या बहिणीला या गोष्टी गवंड्याकडून कळाव्यात, असो. कारखान्याचं ऐकून वाईट वाटलं.

पण एवढी घाई कशाला करतोस? भिंती अजून ओल्या आहेत. ओल्या भिंतीत मुलांना खोकला होतो. शाळेला मास्तर नाही, जुना गेला आणि नवा आलाच नाही. पाण्याचंही खरं नाही. पाणी सोडायचं काम अजून माझ्याकडेच आहे. रोज सकाळी टाकीपर्यंत चढायचं, झऱ्याला किती आलंय बघायचं, चावी फिरवायची आणि खाली येईपर्यंत दहा बायकांची बोलणी खायची. वरच्या आळीला आधी सोडलं की खालची ओरडते, खालच्या आळीला सोडलं की वरची माझ्या माहेरासासरचा उद्धार करते. आता त्यात झरा गढूळ झालाय. टाकी धुतली, पुन्हा धुतली, पुन्हा गढूळच. हे नीट होऊ दे, मग बघू.

गावात सध्या यादीवाली बाई आली आहे. कचेरीने पाठवलंय तिला. गावातल्या जुन्या वस्तूंची यादी करते. मग त्याचं पुस्तक निघणार आणि एक नकाशा. त्या नकाशावर बघूनच पुढे कोणाला कुठे बांधू द्यायचं ते ठरणार म्हणे. आपण जुने आहोत हे गावाला एकदम आठवलं. जो उठतो तो घरातली अडगळ घेऊन तिच्यापुढे. न्हावी खुर्ची उचलून घेऊन गेला. म्हणाला, ‘हिच्यावर तीन पिढ्यांनी माना वाकवल्यात.’ बाईने विचारलं, कधीची आहे? तर म्हणे दरडीच्या दगडांच्याही आधीची. तिने खुर्ची उलटी केली, खाली कारखान्याचा शिक्का. न्हावी म्हणाला, ‘शिक्का नंतर मारला असेल.’

बाई माझ्याकडेच उतरली आहे, समोरच्या खोलीत. तरुण आहे, डोंगर चढताना तिला धाप लागत नाही, सारखं काहीतरी लिहीत असते. मला मावशी म्हणते. काल तिने दरडीचे दगड मोजले. नऊच्या नऊ. आपल्या दगडापाशी जरा जास्तच वेळ लावला.

आणखी एक. तुझ्या घराचं पुढचं दार अडतंय. गवंड्याने रंधा मारून बसवलं, चार दिवसांनी पुन्हा अडायला लागलं. पुन्हा रंधा मारला. तो म्हणतो लाकूड फुगलं. दार नीट होईपर्यंत तरी थांब.

उत्तर पाठव.

ताई


ता. २० मे

बारकू,

आशीर्वाद. तुझ्या चार ओळी मिळाल्या. ‘आबा गेले तेव्हा तू घर ठेवलंस आणि मला डोंगर दिलास. आता त्या डोंगरावर मी छप्पर घातलं, तर तेही तुला बघवत नाही? दहा तारखेला येतोय. रंग वाळला नसेल तर ओल्यात राहू.’ तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. नंतर नाही आला.

तुला काय वाटायचं ते वाटू दे. दगडांची गोष्ट मात्र पुन्हा सांगते, कारण आबा सांगायचे तेव्हा तू त्यांच्या मांडीवर झोपलेला असायचास आणि सगळं मीच ऐकायची. यादीवाल्या बाईलाही हेच सांगितलं.

आबांचे आजोबा पोरगे होते तेव्हाची गोष्ट. सात दिवस पाऊस थांबला नाही आणि आठव्या दिवशी सकाळी डोंगर खाली आला. तेव्हाची वरची आळी आताच्या कुरणात होती म्हणतात. ती अख्खी गेली. नऊ घरांतली अडतीस माणसं. आपल्या घरातली पाच. आजोबा धान्य दळायला खाली गिरणीवर गेले होते, म्हणून तू आणि मी आहोत. चिखल वाळल्यावर उरलेली माणसं वर गेली. जिथे दरड येऊन थांबली होती त्या काठाकाठाने चालली आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने त्या काठावर एक दगड रोवला. जितकी माणसं गेली तितक्या रेघा त्यावर छिन्नीने पाडल्या. नावं नाहीत, कारण लिहायला येत कोणाला होतं? दगडाच्या वर गवत कापा, जनावर बांधा, पण माणसाने झोपायचं नाही, एवढं ठरलं. आणि दर वर्षी पावसाच्या आधी ज्याच्या त्याच्या घराने आपल्या दगडाला चुना लावायचा, म्हणजे काठ कुठे आहे ते लांबूनही दिसावं. आपल्या दगडाला इतकी वर्षं मीच लावतेय. तुला ठाऊक आहे, तुझं घर आपल्या दगडाच्या खाली येतं. म्हणूनच तुला बांधता आलं.

बाईने नऊ दगड कागदावर मांडले आणि त्यांच्यावरून पेन्सिल फिरवली. आठ दगड विळ्यासारखे एका वळणात आले. तिसरा, म्हणजे आपला, तेवढा वर उडालेला.

‘मावशी, हा एकच असा रांगेबाहेर का?’

‘दरड काय फूटपट्टी धरून येते का?’ मी म्हटलं.

ती हसली. मला वाटलं संपलं. मग म्हणाली, ‘म्हणजे या जागी दरड कमी खाली आली होती, असं लिहू?’

‘लिही.’

तिने लिहिलं. पेन्सिलीने नाही, पेनाने.

आता एक ऐक. टाकीच्या वर कुरणात जमीन फाटली आहे. पंधरा दिवसांपूर्वी बोट जाईल एवढी फट होती. मी तिच्यावर आडवी काठी टाकून ठेवली, दोन्ही काठांवर टेकेल अशी, म्हणजे रोज जाता येता नजर राहील. काल काठी आत पडली होती. आज दुप्पट लांबीची टाकून आले. पाऊस थेंबभर नाही आणि झरा लाल येतोय. तुझ्या दाराला तिसऱ्यांदा रंधा मारला. मी गवंड्याला म्हटलं, ‘कोरड्या दिवसांत लाकूड फुगतं का रे?’ तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही पाणी सोडा, मला दारं बसवू दे.’

हे सगळं चारचौघांत बोलले. एकाने ऐकलं, दुसरा म्हणाला डोंगर म्हटला की थोडंफार हलणारच, आणि तिसऱ्याने विचारलं, आज पाणी किती वाजता.

यंदा येऊ नकोस. का, ते विचारू नकोस. खोलीच्या मालकाचे पाय धर, बायकोच्या माहेरी जा, कुठेही राहा, पण त्या घरात मुलांना झोपवू नकोस. जन्मात मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, हे तूही कबूल करशील. एवढं ऐक. लगेच उत्तर पाठव, एक ओळ पुरे.

ताई


ता. ३ जून

बारकू,

तुझी ओळ आली नाही. म्हणून हे पोस्टात टाकत नाही. सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय. तो तुझ्या दारात येईल आणि तू शेवटपर्यंत वाचेपर्यंत तिथेच उभा राहील, तसं त्याला बजावलं आहे. त्याच्या तोंडावर दार लावू नकोस. भला माणूस आहे.

तो दगड तिथला नाही. आबांनी आणि मी हलवला.

एवढं लिहायला मला महिना लागला.

तू सात वर्षांचा होतास, मी सोळाची. खालच्या गावात लग्न होतं, अख्खं गाव तिकडे लोटलं होतं. आई तुला घेऊन गेली. मला आबांनी ठेवून घेतलं, म्हणाले गाय विणार आहे. गाय काही विणार नव्हती. धुकं इतकं होतं की गोठ्यातून घर दिसत नव्हतं. आबांनी पहार घेतली, दोर घेतला, दोन गोल ओंडके घेतले आणि म्हणाले, चल. वर गेल्यावर सांगितलं. ‘पोरं दोन आणि घर एक. दगडाच्या खाली आपला वीतभर तुकडा उरत नाही. बारकूने उद्या कुठे राहायचं?’ मी म्हटलं, आबा, आपल्याच माणसांचा दगड आहे. ते म्हणाले, ‘आपलीच माणसं आहेत म्हणून तर रागावणार नाहीत.’

ते पुढून ओढत होते आणि मी मागून पहार लावत होते. दोनदा घसरला. एकदा माझ्या पायावर आला. माझ्या अंगठ्याचं वाकडं नख बघून तू लहानपणी हसायचास ना, ते तिथलं. सत्तावीस पावलं वर नेला. आबांनी नवा खड्डा खणून रोवला, जुन्या खड्ड्यात माती लोटली आणि त्यावर गवताची ढेकळं बसवली. मला म्हणाले, नीट तुडव. मी तुडवली. दुसऱ्या दिवशी चुना लावला, म्हणजे जवळ येऊन कोणी बघायला नको. खेचरवाला म्हातारा तेवढा एकदा म्हणाला, ‘तुमचा दगड म्हातारपणी फिरायला निघाला वाटतं.’ आबा हसले. मीही हसले. म्हातारा त्याच वर्षी गेला.

आबांनी केलं ते तुझ्या काळजीने केलं. चुकीचं केलं, पण काळजीने. शंभर वर्षांत दरड आली नाही, आता कुठून येणार, असं त्यांना मनापासून वाटायचं.

माझं तसं नाही. वाटणीच्या वेळी कागद वाचला गेला, वरचा तुकडा तुझ्या नावावर लागला, घर माझ्या नावावर. तू माझ्याकडे बघितलंस. तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी सासरहून परत आलेली बाई. घर गेलं तर मी कुठे जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. तू शहरात आहेस, इकडे कशाला येशील, तुकडा कागदावरच राहील, अशी मनाची समजूत घातली आणि नऊ वर्षं झोप घेतली. तू म्हणालास ताईने घर ठेवलं, तर ते खरं आहे. तेव्हा मी तुला लोभी म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. तोही शब्द परत घेते.

गेल्या हिवाळ्यात गवंडी पाया आखायला आला तेव्हाही बोलले नाही. भिंती आल्या, बोलले नाही. रोज सकाळी त्या घरावरून टाकीकडे गेले आणि रोज ठरवलं, उद्या. दगडाला यंदाही चुना लावला. लावताना त्या पाच रेघांवरून कुंचला फिरवायचा असतो. डोळे मिटून फिरवला.

परवा यादीवाल्या बाईचं काम संपलं. ज्याचा दगड त्याच्या घरातल्या वडील माणसाने सही करायची की दगड आहे त्याच जागेचा आहे. ती कागद घेऊन चुलीपाशी आली. सही येते मला. अर्धं नाव लिहिलं.

‘मावशी, पेन अडतंय का?’

‘पेन चालतंय. हात अडतोय.’

 मग मी म्हटलं, ‘खोड ते. पेनाने लिहिलंस तेही खोड.’ आणि सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, ‘सत्तावीस पावलं कोणाची? तुमची की आबांची?’

‘आबांची.’

‘ते उंच होते का?’

असं काही विचारायचं एखाद्याला सुचावं. मी म्हटलं, दारातून वाकून यायचे. मग आम्ही दोघी वर गेलो. दगडापासून खाली ती लांब ढांगा टाकत गेली. तुझ्या घराच्या बाजूने, तुझ्या अंगणातून, तुझी बायको जिथे फुलझाडं लावणार म्हणून गवंड्याने आळं करून ठेवलंय त्यावरून खाली. सत्तावीस पावलं माझ्या गोठ्याच्या मागे येऊन संपली. तिने दुसऱ्या दगडापासून चौथ्या दगडापर्यंत दोरी धरली, त्या वळणाने. दोरी तिथूनच गेली. गवंड्याला हाक मारली. त्याने हातभर खणलं आणि फावडं वाजलं. खाली गोल खड्डा, त्यात भोवतीने बारीक दगड ठोकून बसवलेले. ‘ही बैठक आहे,’ तो म्हणाला. ‘इथे काहीतरी जड उभं होतं.’ मग उठून तुझ्या घराकडे बघत राहिला. ‘मी पाया आखला तेव्हा तुम्ही मला चहा दिला होतात, ताई. तेव्हा सांगितलं असतंत तर?’

मी फावडं उचलून माती बाजूला सारायला लागले. तूही हेच विचारशील.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आपल्या दगडाच्या भरवशावर शिंप्यानेही त्याच्या गोठ्याच्या वर झोपायची खोली काढली होती. त्याने बायकोपोरांच्या गाद्या त्याच संध्याकाळी खाली आणल्या. काल पाणी सोडलं तेव्हा एकही बाई ओरडली नाही. वरच्या आळीचं आधी गेलं, खालची गप्प. त्यापेक्षा बोलणी परवडली.

काल सकाळी सहा जणांनी दगड खाली आणला. चढवायला दोघं पुरली होती, उतरवायला सहा. जुन्या बैठकीत नीट बसला, जरासुद्धा हलला नाही. आता चुलीपाशी बसलं की खिडकीतून समोर दिसतो.

तुझं घर त्या दगडाच्या वर आहे, बारकू. पूर्ण वर. एक खोलीसुद्धा खाली येत नाही.

फट आता एवढी झाली आहे की पहार सोडली तर मुठीपर्यंत आत जाते. तुझं दार बसेनाच, गवंड्याने ते बिजागऱ्यांतून काढून खाली आणून ठेवलंय. म्हणाला, ‘दारात दोष नाही. चौकट तिरकी होतेय.’ दोन दिवस वारा पडला आहे आणि डोंगराच्या मागे ढग साचलेत. मी दर तासाला बाहेर जाऊन बघते. जेवण जात नाही.

आता सांगते ते नीट वाच. पावसाळा सरेपर्यंत नाही आलास तर सगळ्यात बरं. खोली सोडावीच लागत असेल तर ये, पण खालच्या घरात ये. ते दगडाच्या खाली आहे, गोठ्यामागून काठ जातो. दरडीने कोणाला शब्द दिलेला नाही, म्हणून पाऊस लागून राहिला तर गाव गिरणीत खाली जाऊन झोपायचं असं काल ठरलं, तुम्हीही जायचं. घर तुझं. कागदही तसा करून देणार आहे, यादीवाल्या बाईने कच्चा लिहून दिलाय, यावेळी सही पूर्ण केली. पाकिटात किल्ली आहे. माझी पेटी मी शाळेच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मास्तर नाही, खोली रिकामीच आहे. उपकार म्हणून समजू नकोस. नऊ वर्षं उशिरा देतेय.

तू केलेला खर्च, घाम, सगळं त्या पत्र्यांखाली गेलं, ते मला भरून देता येणार नाही. माझ्यावर ओरडायचं असेल ते इथे येऊन ओरड, मी ऐकून घेईन. तुझी मुलगी मी पाळण्यात पाहिली होती, आता मोठी झाली असेल. वरचं घर बघायचा हट्ट करेल. नेऊ नकोस, दिवसाउजेडीही नाही, पाच मिनिटंही नाही. तिला दगड दाखव. हात फिरवून बघितला की रेघा लागतात बोटांना. पाच आहेत. त्यांच्या खाली दगड बराच कोरा आहे. तो कोरा राहावा एवढंच मला हवंय, बाकी तू माझं तोंड पाहा की नको पाहू.

या पत्राच्या वर आशीर्वाद लिहिला नाही. विसरले नाही. तू समोर उभा राहिलास आणि वाकलास तर देईन.

वाचून झालं की कंडक्टरला पाणी दे आणि ‘वाचलं’ एवढं सांग. दुसरं काही सांगू नकोस, लांबण लावलीस तर तो विसरेल. तो एक शब्द घ्यायला मी येणाऱ्या प्रत्येक बसला थांब्यावर उभी आहे.

दगड हलवणारी आणि परत ठेवणारी,
तुझी ताई